रजेच्या काळातली व्यवस्था

१

आमच्या ऑफिसात नियम होता. रजेवर जाणाऱ्याने आपल्या टेबलाचा कार्यभार लेखी सोपवायचा. कागद साधा असतो. वर कामांची यादी, खाली डावीकडे देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. परत आल्यावर असाच दुसरा कागद, फक्त सह्यांच्या जागा उलट. पहिल्या कागदाशिवाय माणूस रजेवर जाऊ शकत नाही आणि दुसऱ्याशिवाय परत येऊ शकत नाही. म्हणजे शरीराने येतो, पण त्याला काही अर्थ नसतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्यात एक उंच, वाकून चालणारा सहकारी होता. त्याला सगळे उंट म्हणत. त्याचं टेबल खिडकीजवळ होतं आणि माझा त्या खिडकीवर डोळा होता. उंट तीन आठवड्यांच्या रजेवर गेला तेव्हा कार्यभार मी घेतला. तो परतल्यावर दुसऱ्या कागदावर मी सही केलीच नाही. नाही म्हणालो असंही नाही. नाही म्हणणं हे कच्च्या कारकुनाचं काम. "आज जरा गडबड आहे, उद्या बघू," एवढंच म्हणत राहिलो. उंट रोज सकाळी डबा हातात घेऊन टेबलाशी उभा राहायचा. दोन महिन्यांनी त्याला खाली रेकॉर्ड रूममध्ये खुर्ची मिळाली. मी त्या खिडकीजवळूनच निवृत्त झालो. माझ्या निरोप समारंभात मी ही हकिगत सांगितली तेव्हा माणसं पोट धरून हसली. उंट आला नव्हता.

तर मुलीकडे परदेशी जायचं ठरलं. तिने घर नुकतंच बदललेलं, जावई महिनाभर कामासाठी बाहेर, आणि दिवसभर कोणी ना कोणी कारागीर येणार. त्यांना दार उघडायला माणूस हवा होता. "बाबा, तुम्हाला नुसतं बसायचंय," मुलगी म्हणाली. या कामाचा मला सदतीस वर्षांचा अनुभव होता. बायकोचा गुडघा बदलून सहा महिने झाले होते, विमानात इतके तास तो मुडपून बसणं तिला जमणार नव्हतं. मी एकटाच निघालो.

निघायच्या आदल्या दिवशी, काहीशा गमतीने आणि बऱ्याचशा सवयीने, मी घराचा कार्यभार कागदावर उतरवला. रात्री गॅसचा नॉब तपासणे. टाकी भरताच मोटर बंद करणे. गुडघ्याच्या गोळीची दोन्ही वेळा आठवण देणे. कुंड्यांना पाणी. अशी आठ कलमं झाली. हिने चष्मा लावून कागद वाचला.

"आठच?"

"आणखी काय करतो मी?"

"तेच शोधत होते." मग कागद परत देत म्हणाली, "बोलायचं काम नाही लिहिलंत."

"ते माझ्याकडे कधी होतं?"

"नव्हतंच. पण ज्याच्याकडे सोपवाल त्याच्याकडे तरी असू दे."

मी नववं कलम लिहिलं: संध्याकाळी चहाच्या वेळी गप्पा मारणे. डावीकडे सही केली, तारीख घातली, मध्यान्हपूर्व असंही लिहिलं. उजवीकडे तिला सही करायला सांगितली.

"मी कशाला करू? ही तुमची कामं. माझी करूनच मी दमते. ज्याला करायची असतील तो करील सही."

कागद तसाच फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावून मी निघालो. समोरची जागा कोरी असताना आपली सही करून ठेवू नये, हे मी किती नव्या पोरांना दरडावून शिकवलं असेल याची गणती नाही.

२

मुलीचं घर पांढरं आणि रिकामं होतं. भिंती पांढऱ्या, जिना पांढरा, खिडक्यांना पडदे नाहीत, आणि प्रत्येक खोलीत न उघडलेली खोकी. माणूस बोलला की आवाज समोरच्या भिंतीला लागून परत यायचा. घरातलं इंटरनेट जोडणारा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. मला त्याची फिकीर नव्हती, कारण निघण्यापूर्वी मी फोनवर परदेशी वापराचा पॅक घेतला होता.

पॅक चालला नाही. फोनच्या वरच्या कोपऱ्यात चार काड्या दिमाखात उभ्या राहायच्या, पण त्यांच्याशेजारी डेटाची खूण येत नव्हती. साधा फोन लावला तरी तीन बारीक ठोके आणि मग शांतता.

"डेटा रोमिंग ऑन केलंत का?" मुलीने विचारलं.

"विमानातून उतरल्या उतरल्या."

"मग बंद करून परत चालू करा."

"ऑफिसातही हाच उपाय असायचा. फाइल बंद करायची, पुन्हा उघडायची. काम होत नसे, पण केल्यासारखं वाटे."

"बाबा, मी तुम्हाला इथलं सिम आणून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

मी नको म्हणालो. घेतलेला पॅक चालू झालाच पाहिजे, हा तत्त्वाचा प्रश्न होता. विमान मोड करून झाला. फोन बंद करून झाला. सिम काढून शर्टाच्या टोकाने पुसून झालं. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून झालं. यादीत तीन परकी नावं होती, तिन्हींनी मला दारातून परत पाठवलं.

इथे दुपारचे बारा वाजले की घरी चहाची वेळ व्हायची. मुलगी तेव्हा कामावर असे, आणि ती घरी येईपर्यंत तिकडे बायको झोपलेली असे. तेव्हा एकमेकांशी बोलायचं ते रविवारी, मुलीच्या फोनवरून, असं ठरलं. खरं सांगायचं तर मला त्याचं दुःख झालं नाही. नववं कलम मी गमतीत लिहिलं होतं.

३

तिसऱ्या संध्याकाळी मुलीने तिच्या फोनवरून हॉटस्पॉट दिला. माझ्या फोनने एक मोठा श्वास घ्यावा तसा थरथराट केला आणि बायकोचे निरोप एकामागून एक उतरले.

"बरं झालं आठवण केलीत, मोटर चालूच होती."

"हो, घेतली गोळी."

"काहीतरीच तुमचं."

"तुम्हाला अजून आठवतंय ते? मला वाटलं तेव्हा तुमचं लक्षही नव्हतं."

मी वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं. माझ्या बाजूने एक अक्षर नव्हतं. नुसती उत्तरं, प्रश्न कुठेच नाहीत. शेजारच्या खोलीत कोणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकाच माणसाचा आवाज यावा, तसं.

कारकून आधी साधं कारण शोधतो. चुकीच्या माणसाला पाठवलेले निरोप माझ्याकडे आले असतील. बहिणीला लिहीत असेल. पण बहिणीला कोणी 'काहीतरीच तुमचं' लिहीत नाही.

हे दोन शब्द मी जरा जास्त वेळ वाचत बसलो. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. मला तिने 'काहीतरीच' पुष्कळदा म्हटलंय, पण ते वेगळ्या चालीवर.

४

संशय सरळ खालच्या मजल्यावर गेला. तिथे एक निवृत्त वायरमन राहतो. विधुर आहे, हसरा आहे, आणि बायकांच्या घोळक्यात बसून मिक्सर दुरुस्त करायची कला त्याला अवगत आहे. जो माणूस आयुष्यभर एका घरची तार दुसऱ्या घरात जोडत आला, त्याला माझा नंबर वापरणं काय अवघड?

रविवारी दुपारी एक वाजता मुलीच्या फोनवरून घरी फोन लावला. बायकोने उचलला आणि ती गोंधळली.

"आत्ताच तर ठेवलात की."

"काय ठेवला?"

"फोन. चहाचा कप खाली ठेवते आहे तोवर पुन्हा. काही राहिलं का सांगायचं?"

"मी रोज फोन करतो?"

"विसरायला लागलात का? रोज तासभर बोलता. माझा चहा गार होतो." हे ती तक्रारीसारखं म्हणाली नाही. "तिकडची हवा मानवली बाई तुम्हाला. आधीच पाठवायला हवं होतं."

मी घसा साफ केला. "तो वायरमन येतो का वर?"

"वायरमन? तो महिन्यापूर्वी मुलाकडे गेला नाही का? त्याची बॅग टॅक्सीत तुम्हीच ठेवलीत." मग म्हणाली, "आता का असं बोलताय हो? मघाशी किती छान बोलत होता."

मुलगी खोक्यातून भांडी काढत होती. तिने विचारलं, "काय म्हणते आई?"

"बरी आहे," मी म्हणालो. "फारच बरी आहे."

५

दुसऱ्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाराच्या ठोक्याला माझा फोन गरम व्हायचा.

दिवसभर तो टेबलावर थंड पडलेला असे. बारा वाजले की कोणी हातात घट्ट धरून कानाला लावून ठेवावा तसा तो हळूहळू तापे, आणि एक वाजला की निवे. बॅटरी तेवढ्यात निम्मी संपलेली असे. पडद्यावर काही नाही, कॉल नाही, खूण नाही. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, फोन जुना आहे, नेटवर्क शोधत राहतो, म्हणून तापतो. पटण्यासारखं होतं. फक्त तो एकच तास का शोधतो, हे मी विचारलं नाही.

त्या पांढऱ्या घरात दुपारी आवाज फार मोजके. नळीतून गरम पाणी गेलं की भिंतीत टकटक, फ्रिजची घरघर. बुधवारी मी तो तापलेला फोन उचलला आणि कानाला लावला. आधी काहीच नव्हतं. मग खूप लांबून, जिन्याखालून यावी तशी, एक करकर ऐकू आली.

ती मी ओळखतो. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीचा मागचा उजवा पाय ढिला आहे. माणूस बोलता बोलता पुढे झुकला की तो असा करकरतो. मी त्या खुर्चीवर पुढे झुकत नाही. मी मागे रेलून पेपर वाचतो.

मग कप बशीत ठेवल्याचा आवाज. मग ती हसली.

मी फोन कानापासून दूर केला नाही. माणसाने भ्यायला हवं होतं, ते मी नंतर भ्यालो. त्या क्षणी मला जे वाटलं ते भय नव्हतं. असं हसणं तिच्याकडे शिल्लक आहे, हे मला कोणी कळवलं नव्हतं. इतकी वर्षं ते कुठल्या कपाटात होतं, आणि याला किल्ली कशी सापडली?

त्या संध्याकाळी हॉटस्पॉटवर एकच निरोप आला.

"गुरुवारी येताय हे खरं ना? मी दाराला नुसती कडी लावून ठेवते, कुलूप नाही."

मी ताबडतोब उत्तर लिहिलं. मी येत नाही. माझं तिकीट पुढच्या शनिवारचं आहे. दार उघडू नकोस. पाठवलं, तर शेजारी छोटं घड्याळ फिरत राहिलं. मुलीच्या फोनवरून फोन लावला, तर घंटा वाजत राहिली. तिकडे झोपायची वेळ होऊन गेली होती.

"बाबा, काय झालं?"

"आईला सांगायचं होतं, कुलूप लावत जा."

"ती लावतेच हो. तुम्ही कधीपासून तिची इतकी काळजी करायला लागलात?" असं म्हणून ती हसली. गंमतच केली तिने.

६

गुरुवारी बारा वाजता फोन गरम झाला नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी मी तो बारापासून एकपर्यंत तळहातावर धरून बसलो. दगडासारखा गार होता.

ज्याला घरी पोचायचं असतं त्याला फोनची गरज कुठवर असते, हा हिशेब मी मुद्दाम पुरा केला नाही.

या तीन दिवसांत मायलेकींचं एकमेकींना लिहिणं चालू होतं. "सगळं ठीक आहे," मुलीने सांगितलं. "आई खूश आहे. कुंड्यांचे फोटो पाठवलेत." कुंड्या नीट पाणी घातलेल्या दिसत होत्या. मी घालतो त्याहून नीट.

रविवारी सकाळी मुलीच्या फोनवरून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एका मुलीचा आवाज आला. मी तक्रार सांगितली: परदेशात आहे, पॅक घेतलाय, रोमिंग चालू आहे, डेटा नाही, फोन नाही.

तिने नंबर घातला. कळफलकाचा आवाज आला.

"सर, तुमचा नंबर होम नेटवर्कवर दाखवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो घरीच आहे, सर. रोमिंगमध्ये कधी गेलेलाच नाही. फोन घरी विसरलात का?"

"फोन माझ्या हातात आहे."

"इकडे तसं दाखवत नाही." आवाज अतिशय सभ्य होता. "एक नंबर एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो, सर. घरचा बंद करून तुमच्याकडे चालू करता येईल. करू का?"

"करा," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता करा. तिथला बंद करा."

"त्यासाठी ओळख पटवावी लागेल."

नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता पिनकोडसकट सांगितला. कागदपत्रांच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"धन्यवाद सर. आता शेवटचा, सुरक्षा प्रश्न. तो तुम्ही गुरुवारी बदललाय. पत्नीचं आवडतं फूल?"

वर मुलगी खोकी सरकवत होती. मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

अडतीस वर्षं. लग्नात हार होते, त्यात कसली तरी फुलं होती. तिच्या केसांत कधी काही असायचं, पांढरं असायचं बहुधा.

"मोगरा," मी म्हणालो.

"सॉरी सर."

"गुलाब."

"सॉरी सर. दोन प्रयत्न झाले. तुमची ओळख पटली नाही." मग तिला माझी दया आली असावी. "सर, तुम्ही असं करा. घरी फोन करा आणि ज्यांच्याकडे नंबर आहे त्यांनाच करायला सांगा."

७

बारा वाजायला आले होते. मी जिन्याच्या खिडकीशी उभा राहिलो आणि मुलीच्या फोनवरून बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

तिने लगेच उचलला. नवी नव्हे, पण पुष्कळ दिवसांत न नेसलेली हिरवी साडी होती. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. फोन डोळ्यांजवळ आणून ती बघत राहिली.

"दिसत नाही गं काही. मागून उजेड आहे, नुसती सावली दिसतेय. जरा बाजूला हो."

"मी आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"अगं, मी."

तिच्या कपाळावर आठी आली. अनोळखी माणसाने चुकून घंटा वाजवली की ती दाराच्या फटीतून असंच बघते. हा चेहरा मी हजारदा पाहिलाय, पण दाराच्या आतल्या बाजूने.

ती मान वळवून म्हणाली, "अहो, जरा बघता का. लेकीच्या फोनवरून कोणीतरी बोलतंय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. तेवढ्यात पडद्यावर खोली सरकत गेली. छताचा पंखा. फ्रिज. फ्रिजवरचा कागद, चुंबकासकट, आणि उजवीकडची जागा कोरी नव्हती. टेबलावर पाण्याच्या पेल्यात निळी बारीक फुलं. वेताच्या खुर्चीचा हात, त्यावर एक मनगट, त्या मनगटावर मी निघताना घरी ठेवलेलं घड्याळ. खुर्ची करकरली. तो पुढे झुकला होता.

चेहरा आलाच नाही. कॅमेऱ्यावर अंगठा आला, सगळं तांबूस झालं, आणि माझा आवाज म्हणाला:

"नमस्कार. ते बाहेरगावी गेलेत. त्यांच्या जागी सध्या मी बघतो. काही काम होतं का?"

हे वाक्य माझं आहे. उंटाच्या टेबलावरचा फोन मी पहिले दोन महिने याच वाक्याने उचलत असे. यात उद्धटपणा अजिबात नसतो. म्हणून समोरच्याला काही बोलता येत नाही.

मलाही आलं नाही. मागे कुठेतरी ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली, तो हसला, आणि फोन ठेवला गेला. घाई न करता.

८

मुलगी हात पुसत खाली आली. "आईशी बोललात?"

"हो."

तिच्या हातातला फोन वाजला. निरोप वाचून ती हसली. मग पुन्हा वाचला तेव्हा हसली नाही.

"आई काय विचारतेय बघा. म्हणे, तुझ्याकडे कोण राहायला आलंय?"

"तू काय लिहिणार?"

"काय म्हणजे? बाबा, असं लिहिणार." पण तिने लगेच लिहिलं नाही. मागे खिडकी होती, उजेड होता. ती मान जरा तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली.

माझं परतीचं तिकीट शनिवारचं आहे. बॅग भरून झाली आहे. पहिल्या कागदाची नक्कल मी आठवणीने उतरवली आणि तिच्याखाली दुसरा कागद तयार केला आहे, सह्यांच्या जागा उलट करून. नऊच्या नऊ कलमं लिहिली. नवव्याच्या पुढे कंसात 'नियमितपणे' असा शब्द घातला. इथल्या एका दुकानात निळी बारीक फुलं मिळतात का, हेही विचारून आलो. त्यांना नाव हवं होतं, ते मला सांगता आलं नाही.

शनिवारी मी माझ्या दाराशी उभा राहीन, हातात बॅग घेऊन. तो दार उघडील, आत या म्हणेल, पाणी देईल. मी कागद पुढे करीन. तो चष्मा लावून सावकाश वाचेल आणि म्हणेल, आज जरा गडबड आहे, उद्या बघू.

तो सही करणार नाही. मी त्याला चांगला ओळखतो. आणि आता तिचं हसणं ऐकल्यावर सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही केली नसती.